गेलेल्या पत्राची नोंद

पोलीस खात्यातल्या नोकरीत शेकडो कागद माझ्या टेबलावरून गेले. त्यातला एक कागद मला अजून जवळजवळ पाठ आहे. ते एक मागणीपत्र होतं आणि त्यावरची सही खोटी होती.

मी तेव्हा परतवाड्याला ठाणेदार होतो. गुरुवार म्हणजे बाजाराचा दिवस, त्यामुळे सगळा बंदोबस्त रस्त्यावर आणि ठाण्यात मी, ठाणे अंमलदार आणि एक महिला शिपाई. डाकेत एक निनावी अर्ज आला. गावाबाहेर कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा होती. तिथे वसतिगृह शिक्षिकेची जागा विकली गेली, चौकशी करा, एवढाच मजकूर. निनावी अर्जांत दहापैकी आठ जळफळाटातून आलेले असतात. मी तो बाजूला ठेवला. पण दुसऱ्याच दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बोलणं मोजकं. त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्स काढून माझ्यासमोर ठेवली.

"साहेब, ही सही माझी नाही."

प्रकरण असं होतं. शाळा एका संस्थेची आणि संस्थेचं मुख्य कार्यालय अमरावतीला. शाळेत एखादं पद रिकामं झालं की मुख्याध्यापकांनी कार्यालयाकडे मागणीपत्र पाठवायचं. पद कोणतं, रिकामं कधीपासून, भरायची गरज काय, हे त्यात लिहायचं. ते मंजूर झालं की मग जाहिरात, मुलाखती, नेमणूक. मागणीपत्र गेलं नाही तर पुढचं काहीच हलत नाही. वसतिगृह शिक्षिका निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि बाईंनी मागणीपत्र पाठवलंच नव्हतं. तरी चार महिन्यांपूर्वी एक नवी शिक्षिका नेमणुकीचा आदेश घेऊन हजर झाली. बाईंना वाटलं, कार्यालयानं आपणहून जागा भरली असेल. तसाच निनावी अर्ज आठवडाभर आधी अमरावतीलाही गेला होता. तेव्हा कार्यालयानं बाईंना त्यांच्याच नावाचं मागणीपत्र पाठवून खुलासा मागितला.

"शाळेत असा धंदा चालत असेल तर मला कळलं पाहिजे," बाई म्हणाल्या. "माझ्या सहीनं कोणीतरी जागा विकली."

मी लेखी तक्रार घेतली आणि अर्ज चौकशी माझ्याकडेच ठेवली. गुन्हा नोंदवण्याआधी नेमकं घडलंय काय, ते मला पाहायचं होतं.

संशय सरळ त्या नव्या शिक्षिकेवर जात होता, कारण फायदा तिचा झाला होता. तिला बोलावलं. अकोल्याची मुलगी, वय सत्तावीस-अठ्ठावीस. वडील गवंडी. वडिलांनाही सोबत घेऊन आली होती. ते बाहेरच्या बाकावर डोक्यावरची टोपी हातात धरून बसले होते. महिला शिपायाला जवळ बसवून मी विचारपूस सुरू केली. जाहिरात कुठे पाहिली, मुलाखत कोणी घेतली, शाळेत आधी कोणाची ओळख होती का. तिनं सगळं सांगितलं आणि मुलाखतीचं पत्र, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र पुढे ठेवलं.

"कोणाला काही द्यावं लागलं?"

"नाही, साहेब."

"खरं सांगितलंस तर मदत करता येईल."

ती रडली नाही. म्हणाली, "माझा मोठा भाऊ बहिरा आहे. आमच्या घरात सगळे हातांनीच बोलतात. मुलाखतीत मला फक्त एवढंच विचारलं होतं, मुलाला काय दुखतं हे तुम्हाला कळेल का? मी म्हटलं, कळेल. आता ही मुलं रोज मला काहीतरी सांगतात. मी परत गेले तर त्यांना काय सांगू? सही खोटी होती म्हणून?"

तिचा जबाब नोंदवून तिला सोडलं. बाहेर तिच्या वडिलांनी मला विचारलं, "साहेब, पोरीच्या हातून काई चुकलं काय?" मी म्हटलं, "अजून तसं काही दिसत नाही." ते दोघं एसटी स्टँडकडे चालत गेले. म्हातारा दोनदा मागे वळून पाहत होता.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला गेलो. निवड समितीची कागदपत्रं तपासली. सगळं नियमाप्रमाणे होतं. पाच उमेदवार होते, आणि खुणांची भाषा पक्की येणारी ही एकटीच. मूळ मागणीपत्र ताब्यात घेतलं, पंचनामा केला आणि परतीच्या वाटेवर गाडीत ते पहिल्यांदा नीट वाचलं. तोवर मी, बाई, कार्यालय, सगळे त्या सहीकडेच पाहत होतो.

'पद भरण्याची आवश्यकता' असा एक रकाना असतो. तिथे सहसा 'कामकाजाच्या सोयीकरिता' असं काहीतरी असतं. इथे लिहिलं होतं: 'मागील सत्रात सलग दोन दिवस सुट्टी होती. एका मुलीच्या पोटात दुखत होते. तिने चौकीदाराला सांगितले, स्वयंपाकीण बाईला सांगितले. दोन दिवस ती सांगत होती. कोणाला समजले नाही.'

बस्स. पुढे विनंती नाही, 'आपला नम्र' नाही. जागा विकणारा माणूस असं लिहीत नाही, एवढं तेवढ्या वर्षांच्या नोकरीनं मला शिकवलं होतं.

महिला शिपायाला सोबत घेऊन मी शाळेत गेलो. जावक नोंदवही मागवली, म्हणजे शाळेतून बाहेर जाणाऱ्या पत्रांची वही. त्या खोट्या मागणीपत्राची नोंद तिथे रीतसर होती. क्रमांक, तारीख, विषय, सगळं. अक्षर वरिष्ठ लिपिकाचं. त्यांना शाळेत सगळे चाचा म्हणत. अचलपूरचे राहणारे, निवृत्तीला आठ महिने उरलेले, पांढरी दाढी, खिशाला दोन पेनं. मी त्यांच्या टेबलासमोर बसलो होतो तेवढ्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आत आली. माझ्या गणवेशाकडे एकदा पाहिलं आणि चाचांसमोर उभी राहून भराभरा हात हलवू लागली. चाचांनी पेन ठेवलं आणि हातांनीच उत्तर दिलं. मुलगी पुन्हा काहीतरी म्हणाली, चाचा हसले, ती गेली.

"काय म्हणत होती?" मी विचारलं.

"काल भाजीत मिरची जास्त झाली म्हणते. सांगून ठेवा म्हणते."

"पोट हिचंच दुखत होतं?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. मी घाई केली नाही. ज्याला बोलायचं असतं त्याला मध्ये टोकू नये.

"हाव, साहेब," ते म्हणाले. "हिचंच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आलो त पोट्टी फाटकापाशीच बसून होती. मले पाहून हात हलवले अन् तिथंच आडवी झाली. ऑटोत टाकून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणे, अजून थोडा उशीर झाला असता त हाती लागली नसती."

"ही भाषा तुम्ही कुठे शिकलात?"

"ह्या लेकरांपाशीच. बत्तीस वर्षं झाली. मास्तर लोक पाचले घरी जातात, सुट्टीत येत नाईत. हिचं असं झालं तवापासून मी रोज संध्याकाळी इथंच थांबतो. सुट्टीच्या दिवशीबी येतो. पण मी आता रिटायर होऊन राहिलो साहेब. माह्या मागं कोण हाय?"

"जावक नोंद तुमच्या हातची?"

"हाव."

"आणि सही?"

"तेबी माह्याच हातची."

महिला शिपायानं कागदावरून मान वर केली. एवढ्या सहज कबुली क्वचित मिळते.

"बाईंना का नाही सांगितलं?"

त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. पद भरण्याविषयी त्यांनी बाईंसमोर सहा वेळा टिपणी ठेवली होती. प्रत्येकीवर बाईंचा शेरा, 'तूर्त ठेवा.'

"बाईचा दोष नाई, साहेब. नवीन पदं मागू नका असं त्याईले वरून तोंडी सांगतलं होतं. एकदा मागतलं त बोलणी खाल्ली त्याईनं. बाई भल्या हायेत, फक्त भितात."

मला एक गोष्ट कळत नव्हती. "चाचा, जावकला नोंद केली नसती तर या पत्रावरून तुमच्यापर्यंत पोचायला मला महिने लागले असते. नोंद काहून केली?"

त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं. "पत्र गेलं होतं ना साहेब. गेलेल्या पत्राची नोंद त कराच लागते."

मी जबाब लिहून घेतला. त्यांनी वाचून सही केली, या वेळी स्वतःची. उठताना म्हणाले, "मले जे कलम लावायचं ते लावा. पण त्या अकोल्याच्या पोरीच्या नोकरीले धक्का नका लागू देऊ. तिले यातलं काईच मालूम नाई. मी त तिले ती हजर झाली त्याच दिवशी पयल्यांदा पाह्यलं."

तिथून मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेलो. त्यांना सगळं सांगितलं आणि मागणीपत्राचा तो रकाना वाचायला दिला. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. खिडकीबाहेर मुलं जेवणाच्या रांगेत उभी होती. रांगेत आवाज नव्हता, पण सगळ्यांचे हात बोलत होते.

"मी हे वाचलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "सही पाहिली आणि तुमच्याकडे धावत आले." मग म्हणाल्या, "साहेब, सही माझीच आहे असं मी लिहून दिलं तर?"

खरं सांगतो, मोह मला झाला. माझी चौकशी एका ओळीत संपली असती. पण चाचांचा खरा जबाब माझ्या फायलीत होता, आणि ज्या माणसानं आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हातानं वहीत लिहून ठेवला, त्याच्यासाठी खोटा जबाब घेणं मला पटेना.

"बाई, सही तुमची नाही. ते बदलता येणार नाही," मी म्हटलं. "पण मागणी तुमची आहे की नाही, ते तुम्ही आज सांगू शकता."

त्यांनी कोरा नमुना मागवला आणि माझ्यासमोर नवं मागणीपत्र लिहायला घेतलं. त्या रकान्यापाशी आल्या तेव्हा चाचांचा मजकूर शब्दशः उतरवला. खाली एक ओळ घातली: 'हे पद मी वेळेवर मागितले नाही.' आणि सही केली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या स्वतः अमरावतीला गेल्या. ज्या कार्यालयात एकदा बोलणी खाल्ली होती तिथेच तो कागद हातोहात दिला. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी माझा अहवाल पाठवला. निवड स्वच्छ आहे, देवाणघेवाण आढळली नाही, लिपिकानं सही केल्याचं कबूल केलं आहे. काहीही झाकलं नाही. निर्णय वरिष्ठांवर सोडला.

पंधरा दिवसांनी संस्थेची सभा झाली. नवं मागणीपत्र मंजूर झालं, जुनी नेमणूक रद्द करून त्याच शिक्षिकेला नवा आदेश दिला. चाचांना लेखी ताकीद मिळाली, एक वेतनवाढ गेली आणि जावकचं काम काढून घेतलं. बाईंनी तक्रार मागे घेतली, आणि वरिष्ठांच्या लेखी परवानगीनं मी अर्ज दप्तरी दाखल केला, म्हणजे चौकशी तिथेच बंद केली. माझे काही सहकारी अजूनही म्हणतात की गुन्हा दाखल व्हायला हवा होता. कदाचित त्यांचंही बरोबर असेल. मी त्यावर वाद घालत नाही.

त्या प्रकरणानं माझी एक सवय बदलली. आम्ही पोलीस कागद हातात आला की आधी सही पाहतो, शिक्का पाहतो, खाडाखोड पाहतो. माणूस काय सांगतोय ते शेवटी, वेळ उरला तर. ती मुलगी दोन दिवस सांगत होती, चाचा सहा टिपण्यांतून सांगत होते, आणि कानांनी धड असलेल्या कोणालाच ऐकू आलं नाही. त्यानंतर ठाण्यात कोणीही आलं तर मी आधी त्याला बोलू देऊ लागलो.

चाचांच्या निरोप समारंभाला मला बोलावणं होतं. भाषणं झाली. नवी शिक्षिका बाजूला उभी राहून प्रत्येक वाक्य मुलांना हातांनी सांगत होती. चहाच्या वेळी ती मिरचीवाली मुलगी माझ्यापाशी आली आणि हात हलवू लागली. शिक्षिका जरा संकोचली.

"साहेब, ती विचारते, चाचांना पकडायला आले होते ते तुम्हीच का?"

"हो म्हणा."

मुलीनं पुन्हा विचारलं. "विचारते, मग नेलं का नाही?"

शिक्षिका हात अर्धे उचलून माझ्या उत्तराची वाट पाहत उभी होती. आजूबाजूची दोन-चार मुलंही थांबली. आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारले. त्या दिवशी उत्तर मला द्यायचं होतं.

"सांगा तिला," मी म्हटलं, "चाचांनी चूक केली होती. पण विचारलं तेव्हा सगळं खरं सांगितलं. आणि का केली, तेही सांगितलं."

शिक्षिकेनं ते हातांनी सांगितलं. शेवटी तिनं आपल्या पोटावर हात ठेवला, मग मुलीकडे बोट केलं. मुलगी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग माझी बाही धरून मला चाचा बसले होते तिथवर नेलं आणि त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं.