आबांचा विलायती सौदा

पिंप्राळ्यात इंग्लंडच्या इतिहासावर शेवटचा शब्द आमच्या समोरच्या आबांचा असतो. आबा मूळ धरणगावचे; उभं आयुष्य त्यांनी गुरांच्या बाजारात दलाली केली. इंग्लंड पाहिलं ते एक उन्हाळा, तेही लेक राहते तेवढं एकच गाव. पण कॉलनीत नळाला पाणी आलं नाही तरी आबा त्या गावापासून सुरुवात करतात. कुठल्याशा राजाने तिथे गुरुवारचा बाजार भरवायची सनद दिली, लोकरीच्या व्यापाऱ्यांनी दगडी चर्च बांधलं आणि धान्याच्या अडतीत हल्ली कॉफी विकतात. ही शेवटची बाब ते निधनवार्तेच्या सुरात सांगतात. त्या बाजारात कोणी ओरडत नाही, हेही त्यांना पटलेलं नाही. ‘‘बाजार शे का दहावं?’’ असं त्यांनी तिथल्या भाजीवाल्याला विचारलं होतं. भाजीवाला ‘थँक यू’ म्हणाला.

बाजाराच्या एका कोपऱ्यात मेंढ्या विकायला येत. बैल नव्हते, म्हणून आबांनी मेंढ्यावर भागवलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा काळ्या तोंडाचा मेंढा त्यांनी दात बघून पसंत केला आणि खांद्यावरचं उपरणं त्याच्या हातावर टाकून खाली बोटं धरली. आपल्याकडे गुरांचा भाव असाच ठरतो, चारचौघांना कळू न देता. म्हातारा दचकला, मग त्याने आबांचा हात जोरजोरात हलवला आणि मनापासून हसला. आबांच्या मते सौदा पक्का झाला. दुसऱ्या दिवशी त्यांचं परतीचं विमान होतं; पैसे द्यायचे आणि मेंढा घ्यायचा राहूनच गेलं.

तेव्हापासून त्यांना चैन नाही. ‘‘आबांनी शबद मोडा, असं खान्देशमा कोनी सांगी का?’’ त्यांनी मला विचारलं. म्हाताऱ्याला ते नुसतं हस्तांदोलन वाटलं असेल, असं मी म्हणालो. ‘‘तू पेपरवाला. तुले सौदामातलं काय समजस?’’

लेक दर गुरुवारी फोनवर बाजार दाखवते आणि आबा त्यात म्हातारा शोधतात. मध्यंतरी ती म्हणाली, ‘‘भेटले ते, आबा. मेंढा मजेत आहे. घाई नाही म्हणाले.’’ तिच्या पाठीमागे मेंढ्यांच्या जागेवर मोटारी लावलेल्या होत्या. ते मला दिसलं. आबांनाही दिसलं असावं, कारण ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

‘‘बाजार उठी गया वाटस,’’ ते हळूच मला म्हणाले. मग फोन तोंडाजवळ नेऊन लेकीला म्हणाले, ‘‘त्याले सांग माय, थंडीमा मेंढा घरमा बांधजो. मना शे तो.’’