शेवटच्या प्रकरणात सापडणारा माणूस

शरयूमावशींची नि माझी ओळख अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या एका बसथांब्यावर झाली. जानेवारीतली थंडी, बसचा पत्ता नाही, आणि मी आपली बसला मराठीत शिव्या घालत उभी. शेजारी साडीवर लांब कोट आणि पायांत आपल्या मुलाचे मोठाले बूट घातलेल्या एक बाई होत्या. त्या वळून म्हणाल्या, "मराठी ना? बरं झालं. मला सांग, या गावात एखादा माणूस नाहीसा करायचा झाला, तर कुठं करशील?"

मी दोन पावलं मागे सरकले.

"अगं, घाबरतेस काय! कादंबरीसाठी हवंय. पण इथं काही जमेलसं दिसत नाही. मेलं सगळं सपाट."

बाई खरंच कादंबऱ्या लिहीत. प्रेम आणि रहस्य, दोन्ही एकात. वाचनालयात ज्यांची मुखपृष्ठं हाताळून हाताळून फाटतात ना, तसल्या. मी नागपूरहून संशोधनासाठी आलेली, खोलीत एकटी. मराठी बोलणारं कुणी भेटलं तर त्यानं खुनाच्या गप्पा मारल्या तरी चालतील, अशी माझी अवस्था. मग काय, आठवड्यातली एक दुपार मी त्यांच्याकडे जाऊ लागले. मुलगा मंदार आणि सून कामावर गेलेले असत. एवढ्या मोठ्या घरात फ्रिजच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नसे. मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आणि मी गेले की लिहिलेलं वाचून दाखवत.

प्रत्येक कादंबरी ग्रीसमधल्या एकाच बेटावर घडायची. त्यांचे यजमान तिथं जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनिअर होते. भाषा येईना, दिवस जाईना, म्हणून मावशी तिथं लिहायला लागल्या. दोरीवर कपड्यांच्या शेजारी वाळत घातलेले ऑक्टोपस, भर दुपारी बंद होणाऱ्या निळ्या खिडक्या, शेवटची बोट चुकलेली नायिका. "बेटावरून पळून जाता येत नाही गं," त्या म्हणायच्या. "म्हणून तिथं प्रेमही जमतं आणि खूनही."

नायक मात्र दर वेळी तिसऱ्या प्रकरणात बेपत्ता व्हायचा आणि शेवटच्या प्रकरणात सापडायचा. कधी मासेमारांच्या झोपडीत, कधी मठात. मी चिडवायची, "मावशी, एकदा मारून टाका की बिचाऱ्याला! किती दमवाल?"

"सापडतो गं," त्या म्हणायच्या. "वाट बघणारं कुणी असलं की सापडतो."

त्या वाट बघण्याचा अर्थ मला पुढच्या वसंतात कळला. एक दिवस गेले तर टेबलावर कागद नव्हते. बेटावरच्या त्यांच्या शेजारणीचा, एलेनीचा, फोन येऊन गेला होता.

तीन वर्षांपूर्वी यजमान तिथंच अचानक गेले होते. त्या देशात तेव्हा दहनाची सोयच नव्हती. मुलगा इकडे, मावशी तिकडे एकट्या. देह भारतात न्यायचं त्यांना सुचलंच नाही. लोकांनी सांगितलं तसं पुरलं. "मला वाटलं, पुरलं म्हणजे कायमचं," त्या म्हणाल्या. पण तिथं जागा कमी. तीन वर्षांनी कबर उघडतात, घरची माणसं हाडं वाइननं धुतात आणि डब्यात ठेवतात. कुणी आलंच नाही, तर ती बेवारशांच्या सामाईक खड्ड्यात जातात. एलेनी तेच सांगत होती. वेळ झाली, ये.

"मी अग्नी दिला नाही ना," मावशी म्हणाल्या, "म्हणून हे गेलेत असं मला कधी वाटलंच नाही. कुठं तरी आहेत, असंच वाटत राहिलं."

अडचण ग्रीनकार्डाची होती. मावशींचा अर्ज अजून विचाराधीन होता, परवानगीशिवाय देश सोडला तर तो बाद, आणि परवानगी काही येईना. मंदार वाईट मुलगा नव्हता. माझ्यासमोरच काकुळतीला येऊन म्हणाला, "आई, प्रॅक्टिकल विचार कर ना. सगळं कॅन्सल होईल. पुन्हा इथं कधी येशील? तिथं कुणाला तरी सांगून मॅनेज करू या."

"बापाची हाडं मॅनेज करायची?" मावशी एवढंच म्हणाल्या.

त्यांचा तिकडचा राहण्याचा परवाना अजून शिल्लक होता. त्या निघाल्या. डेट्रॉइटच्या विमानतळापर्यंत मंदारनंच ड्राइव्ह केलं. त्या आत जाताना तो वाकून पाया पडला आणि बराच वेळ उठेना. मावशींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बूट घेऊन चाललेय रे तुझे," म्हणाल्या.

त्या गेल्यावर गाव मला फारच मोठं वाटायला लागलं. बसथांब्यावर मी मुद्दाम मोठ्यानं शिव्या घालायची. कुणी वळून बघायचं नाही. इतकं एकटं मला आल्या आल्याही वाटलं नव्हतं.

हिवाळ्याच्या तोंडावर त्यांचा फोन आला. त्या एलेनीकडेच राहिल्या होत्या.

"मी माझ्या हातांनी धुतलं त्यांना," मावशी म्हणाल्या. "सहा फुटी माणूस गं, एवढ्याशा डब्यात मावला. उन्हात बसून धुतलं आणि मग रडले. तोवर रडलेच नव्हते."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "लिहिताय ना?"

"लिहिली की. नायक पहिल्याच पानावर सापडतो. पुढं सबंध पुस्तकभर ती नुसती त्याच्याजवळ बसून असते. संपादकांनी परत पाठवली. म्हणाले, बाई, यात सस्पेन्स कुठंय?"

"मग?"

"म्हटलं, संपला हो."