धानोऱ्याची हातमशीन

चंद्रपूरच्या ऊर्जानगरात, म्हणजे वीज केंद्राच्या कॉलनीत, माणूस रिटायर झाला की क्वार्टर सोडावं लागतं, आणि क्वार्टर सोडताना निम्मा संसार विकावा लागतो. कॉलनीच्या ग्रुपवर फोटो पडायला लागतात. कूलर, दिवाण, लोखंडी कपाट, झोपाळा. त्यात कधीतरी एखादी जुनी शिलाई मशीन निघते, कुणाच्या तरी सासूची, गॅलरीत जुन्या गोधड्यांखाली दबलेली. असल्या मशिनी आणून चालू करायचा नाद मला लागला, त्याला बरीच वर्षं झाली.

माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. नट ढिला करताना किती जोर लावायचा आणि कुठे थांबायचं, हे माझ्या हाताला लहानपणापासून कळतं. शिवणकाम मात्र मला येत नाही. उशीची खोळही माझ्याकडून सरळ होत नाही. मला मशीन आवडते ती तिच्या पोटातल्या चाकांसाठी.

या नादात माझ्यासोबत होत्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांचे मिस्टर आणि माझे मिस्टर एकाच शिफ्टला, एकाच बसने प्लांटवर जायचे. वहिनींना दुरुस्तीतलं काही कळत नसे, पण त्यांना बोलता यायचं. कुणाच्याही दारात उभ्या राहिल्या की पाचव्या मिनिटाला आत चहा ठेवलेला असायचा. मी ग्रुपवर ‘मशीन आहे का’ असं विचारून उत्तराची वाट पाहत बसायची, तोवर वहिनी ती मशीन बघून, तिला हात लावून, तिच्या मालकिणीच्या गुडघेदुखीची चौकशी करून परत आलेल्या असायच्या. मशीन त्या आणायच्या, जिवंत मी करायची. पण कॉलनीत म्हणायचे, “वहिनींची मशीन पाह्यली का? काय चमकून राह्यली!”  ते ऐकून मी हसायची आणि घरी येऊन भांडी जरा जोरात घासायची.

वहिनींच्या भावाची बदली गडचिरोलीपलीकडे धानोऱ्याला झाली होती. त्याच्या मुलीच्या नामकरणाला त्यांनी मलाही सोबत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसस्टँडमागच्या भंगारवाल्याकडे गेले. टिनाचे पत्रे, सायकलीच्या रिमा, बाटल्यांची पोती, सगळं उचलून उचलून पाहिलं. हात काळे झाले, बाकी काही मिळालं नाही. परत आले तर भावाच्या घराच्या ओसरीवर वहिनी बसलेल्या आणि त्यांच्या पायाशी एक मशीन.

हाताने फिरवायची, छोटी, काळीभोर. अंगावर सोनेरी वेलबुट्टी, धुळीखालूनही दिसणारी. मी खाली बसले आणि पुढची सरकती पट्टी बोटाने ढकलली. आत गोल बॉबिनची डबी नव्हतीच. होडीच्या आकाराचं, खालचा दोरा नेणारं लांबट शटल होतं. असलं शटल मी तोवर फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. फार जुन्या मशिनींनाच ते असतं.

“कुठी भेटली?” मी विचारलं. माझा आवाज मलाच कोरडा वाटला.

“अवं ताई, मी पाणी प्याले गेली त्या मागच्या घरी,” वहिनी सांगू लागल्या. “बाई मोहफुलं वाळवून राह्यली होती. आत तांदळाच्या ड्रमावर हे ठेवलेली. उंदरानं झाकण पाडू नये म्हणून! मी म्हटलं, बाई, हे देता का? तर म्हणते, झाकणावर ठेवाले दुसरं काही जड आणून दे, अन् ने.”

वहिनींनी बाजारातून नवा पाटा घेतला, तो ड्रमावर ठेवला आणि मशीन उचलून आणली. अर्ध्या तासाचं काम. मी त्याच गावात, त्याच सकाळी, चार घरं पलीकडे गंजलेले पत्रे उलटत होते.

परतीच्या बसमध्ये मशीन वहिनींच्या मांडीवर होती. मी म्हटलं, “माझ्याकडे द्या, तुमचे पाय दुखतील.” त्या म्हणाल्या, “नाई दुखत.” गडचिरोली येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

दुरुस्तीला ती माझ्याकडेच आली. हँडल तसूभरही फिरत नव्हतं, आतलं तेल गोंदासारखं घट्ट झालं होतं. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून मी डिझेल वापरते. पण नक्षीला ते लागलं की सोनं पुसलं जातं, म्हणून थेंब थेंब करून फक्त सांध्यांत सोडलं. नक्षी मशीनच्या तेलाच्या बोळ्याने पुसली. मग तिला गच्चीवर नेऊन ठेवलं. मे महिना होता. आमच्या चंद्रपूरचं ऊन लोखंडात शिरलं की कसलंही चिकटलेलं तेल पाझरायला लागतं. रोज दुपारी तिला उन्हात ठेवायची, संध्याकाळी खाली आणून पुसायची, प्लांटची बारीक राख बसू नये म्हणून वरून पातळ फडकं धरायची. माझा नवरा म्हणाला, “माझ्यावर कधी असं फडकं धरलं नाई तू.” 

एका संध्याकाळी हँडल हललं. आधी केसभर, मग अर्धा फेरा. मी खाली जाऊन हात धुतले. तेलकट हाताने पहिला फेरा फिरवायचा नव्हता मला. साबण लावून, नखं घासून वर आले, तर गच्चीवर वहिनी. वाळलेले कपडे काढायला आल्या होत्या. हँडल त्यांच्या हातात होतं आणि मशीन फिरत होती. होडी आत-बाहेर पळत होती, टिक टिक टिक.

“ताई, चालली वं!” त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या.

“हो,” मी म्हटलं. “चालली.”

बाकीच्या मशिनी माझ्याकडेच राहायच्या, पण ही त्यांना शिवायला हवी होती, म्हणून त्यांच्या घरी गेली. मिळवली त्यांनी होती, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. मी मात्र काही ना काही निमित्ताने खाली जायची. विरजणाला दही हवंय, पेपर द्या. तिच्यावर वहिनींनी विणलेला रुमाल घातलेला असायचा. वहिनी तिच्यावर ब्लाउज शिवायच्या, फॉल लावायच्या. मी दाराशी उभी राहून शटलचा आवाज ऐकायची आणि त्यात काही बिघाड आहे का ते शोधायची. कधीच नसायचा. माझंच काम होतं ते.

मग माझ्या मुलाचं लग्न झालं. सून कुरखेड्याची, धानाची शेती असलेल्या घरातली. मोकळी, हसरी पोरगी. महिनाभरात ती दुपारी खाली जायला लागली. “काकू शिवणं शिकवून राह्यल्या मले,” ती म्हणाली. ‘काकू’ म्हणताना तिचा आवाज कसा लोण्यासारखा व्हायचा! मला ‘आई’ म्हणायची ते हजेरी दिल्यासारखं. वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत ओळीने मशिनी होत्या, तेल घातलेल्या, पुसलेल्या, एकाहून एक. तिने त्यातल्या एकीलाही हात लावला नव्हता. एकदा मी विचारलंच, “इथं एवढ्या मशिनी आहेत, खाली काऊन जाते?”

ती गोंधळली. “तुमी झाकून ठेवता ना आई. मले भेव वाटते.”

वहिनींचे मिस्टर रिटायर झाले. नागपूरला फ्लॅट घेतलेला होता. एका सकाळी ग्रुपवर त्यांच्या सामानाचे फोटो पडले. मी एकेक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. हातमशीन त्यात नव्हती. म्हणजे ती माझ्यासाठी बाजूला ठेवली असणार, असं मी धरून चालले. एवढ्या वर्षांची सोबत होती, तिच्या आतला प्रत्येक स्क्रू मी काढून लावला होता. मी खोलीत खिडकीजवळचं टेबल रिकामं केलं. नवा कपडा अंथरला.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. सून उभी होती, मशीन दोन्ही हातांत पोटाशी धरून, चेहरा नुसता फुललेला.

“आई, पाहा! काकूनं मले देली!”

मी बाजूला झाले. ती माझ्यासमोरून गेली आणि मशीन आपल्या खोलीत घेऊन गेली. मशीन माझ्या घरात आली होती, आणि माझी नव्हती. त्या रात्री मी जेवले नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. सकाळी ट्रकपाशी वहिनींनी माझे दोन्ही हात धरले आणि रडल्या. मीही रडले. माझं रडणं कशाचं होतं, ते त्यांना विचारावंसं वाटलं नसेल.

दिवाळीनंतर त्या भेटायला आल्या. सून कामात होती. कॉलनीतल्या बायांचे ब्लाउज आता तिच्याकडे यायचे. मी चहा ठेवला आणि कपात ओतता ओतता शेवटी बोललेच, “वहिनी, मले वाटलं होतं तुमी ते मशीन मले द्याल.”

वहिनी जराही चपापल्या नाहीत. “देणार होती. पण ताई, तुमच्याकडे मशीन आली का झाकून बसते. आपण किती आणल्या? त्यातली एक तरी चालते का इथी? ते बाई ड्रमावर ठेवत होती, तुमी टेबलावर ठेवली असती.”

मला राग आला. एवढा राग की कप खाली ठेवावा लागला. त्यांचं म्हणणं खोटं असतं तर मी भांडले असते. आतून सून हाक मारत होती, “काकू, या ना, हे बाही पाहा ना.” त्या उठून गेल्या. मी ओट्याशी उभी राहून दोघींचं हसणं ऐकत राहिले.

ते ऐकणं मला अजूनही सहज जमत नाही. पण त्या आठवड्यात मी माझ्या खोलीतल्या दोन मशिनींवरची झाकणं काढली आणि सुनेला म्हटलं, कुणी शिवणारी असेल तर सांग. एक तिच्या मैत्रिणीने नेली. दुसरी अजून आहे. तिच्यावर मी सरळ टीप मारायला शिकते आहे. सून बाजूला बसून सांगते, “आई, कपडा ओढू नोका, जाऊ द्या त्याले.” तिच्या मशीनला तेल घालायचं काम मात्र माझं. ते मी कुणालाही करू देत नाही, तिलाही नाही.

मागच्या महिन्यात तिच्या माहेरी कुरखेड्याला गेलो होतो. शेजारच्या घरात एक पायमशीन आहे असं कळलं. मी स्टँडचा गंज तपासत होते, तोवर सून आत जाऊन बसली, म्हातारीची विचारपूस केली, तिच्यासोबत लसूण सोलला, आणि बाहेर येऊन म्हणाली, “चला आई, देऊन राह्यली ते.”

मी तिच्याकडे पाहिलं. अगदी वहिनींसारखी मिळवली होती तिने, आणि ते टोचलंच. मग मी खालचा स्टँड धरला, तिने मशीनचं डोकं उचललं, आणि आम्ही मशीन ऑटोत चढवली.