मिठागरातला बुचडा
आज नातसुनेनं मिठाचं मडकं उघडलं आणि त्या ओल्या खारट वासानं मला कळव्याचं मिठागर आठवलं. नवी नवरी होते मी. कामाचा पहिलाच दिवस, म्हणून हौसेनं केसांना चोपून तेल लावलं, चांगला गुळगुळीत अंबाडा घातला आणि डोक्यावर मिठाची पाटी घेतली. तेलकट केसांवर पाटीखालची कापडाची चुंबळ ठरेना. दुसऱ्याच खेपेला अंबाडा सुटला, पाटी कलंडली आणि मीठ चिखलात गेलं. मुकादम ओरडला, "पुन्हा सांडलंस तर उद्यापासून येऊ नको!" तिथंच पाट्या वाहणारी माझी थोरली जाऊ धावत आली. "अगं, वरातीला निघालीस का?" म्हणत तिनं कोरडी माती चोळून तेल मारलं, खारं पाणी लावलं, फणी न लावता बोटांनीच केस गोळा केले, पीळ दिला आणि शेंडा आत खुपसला. दिसायला अगदी झिपरा बुचडा, पण दिवस मावळेपर्यंत हलला नाही, आणि माझं काम टिकलं. घरी आल्यावर मात्र तो सोडायला माझे हातच वर जाईनात. तीही माझ्याइतकीच थकलेली, तरी मागे बसून एकेक बट मोकळी करत म्हणाली, "उद्या तुझी तूच बांध हो." तिला जाऊन किती वर्षं झाली, पण अजून दमले की वाटतं, कुणीतरी असं मागे येऊन बसावं.