डाव्या चाकाची टोपी

गोदामावशी गेली हे मला तीन दिवसांनी कळलं, तेही गेवराईहून आलेल्या एका ट्रकवाल्याकडून. चाकात हवा भरून होईपर्यंत तो गावाकडच्या बातम्या सांगत बसला होता... कुणाचा ऊस जळाला, कुणाचं लग्न मोडलं... आणि मग सहज म्हणाला, "ती चावडीसमोरची कासारीण म्हातारी गेली बघा." मी त्याच्यावरच ओरडलो की हवा जास्त झाली, काढ ती नळी. मला राग चटकन येतो हे बीडमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. रडू येणार असलं तरी आधी रागच येतो, हे फक्त माझ्या बायकोला ठाऊक आहे. त्या दिवशी गॅरेज मी दुपारीच बंद केलं.

मावशी माझ्या नात्यातली नव्हती. गेवराईत चावडीसमोर तिचं बांगड्यांचं दुकान होतं आणि आजूबाजूच्या पंधरा-वीस खेड्यांतल्या बायका बांगड्या भरायला तिच्याकडेच येत. हात कितीही जाड असो, सुजलेला असो, तिच्याकडे बांगडी फुटत नसे आणि हातही सोलत नसे. आमची ओळख झाली तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी तालुकदारसाहेबांच्या, म्हणजे त्या वेळच्या कलेक्टरच्या, मोटारीवर ड्रायव्हर होतो. वय चोवीस. सगळ्या बीड जिल्ह्यात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला आपण कोण, याचा जरा विसरच पडायचा. माझी आई बीडजवळच्या पालीला एकटी होती आणि तिचं सगळं माझ्या या नोकरीवर चालत होतं.

साहेब मोठे शौकीन. मोटारीच्या प्रत्येक चाकाच्या मधल्या नटावर पितळेची एक टोपी आट्यांनी बसवलेली असे. त्या टोप्या साहेब स्वतःच्या रुमालानं पुसत आणि त्यात आपली दाढी न्याहाळत. माझ्या आधीच्या ड्रायव्हरनं अडकलेली टोपी छिन्नीनं काढताना तिला पोचा आणला, तर त्याला त्याच पावली हैदराबादला परत जावं लागलं. मला कामावर घेताना साहेब एवढंच बोलले होते, "टोपी पर खरोंच आयी, तो नौकरी गयी समझो."

एकदा दौऱ्यावर गेवराई जवळ येताना डावं पुढचं चाक किंचाळायला लागलं. आतलं वंगण संपलं होतं, आणि वंगण भरायचं तर टोपी काढल्याशिवाय गत्यंतर नाही. साहेब चावडीत दफ्तर तपासायला गेले, चार वाजता निघायचं असं सांगून. मी मोटार लिंबाखाली लावली, पकडीच्या तोंडाला फडकं गुंडाळलं आणि टोपी फिरवायला लागलो. तास गेला. टोपी निघेना, फडकं फाटलं, माझ्या तळहाताला फोड आले. समोरच्या दुकानातून एक बाई मघापासून बघत होती, तिच्याकडे मी दोनदा डोळे वटारले. शेवटी डोकं फिरलं आणि मी हत्यारांच्या पेटीतून छिन्नी काढली.

"ती ठिव खाली," बाई म्हणाली. ती रस्ता ओलांडून माझ्याजवळ आली होती. "तू काढायलास का बसवायलास?"

मी म्हणालो, बाई, हे बांगड्यांचं काम नाही. ती मुळीच रागावली नाही. चाकाजवळ उकिडवी बसली आणि टोपी नि चाक यांच्या फटीत तिनं अंगठ्याचं नख लावून बघितलं. "तू पाणी प्यायला गेलतास ना, तवा हितं माजं नख जात हुतं. आता जात न्हाई. म्हंजी तू आवळायलास. दुसरीकडं फिरव की."

आता खरं सांगतो, मला हसू आलं. जगातले सगळे आटे एकाच बाजूला उघडतात, हे माझ्या उस्तादानं मला कान धरून शिकवलं होतं, आणि उजव्या चाकाची टोपी मी त्याच बाजूला फिरवून एकदा काढलीही होती. डाव्या चाकाचे आटे उलटे असतात, चाक पळताना टोपी आपोआप सैल होऊ नये म्हणून, हे त्या वेळी मला ठाऊकच नव्हतं. त्या बाईला तर आटे म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. तिनं फक्त नख लावून बघितलं होतं.

तरी मी टोपी उलटी फिरवून बघितली, पण तोवर ती इतकी आवळली होती की ढिम्म हलेना. मावशीनं चुलीवरचं कढत पाणी आणलं, जुन्या लुगड्याची पट्टी त्यात बुडवून पिळली आणि टोपीला गुंडाळली. पट्टी निवली की दुसरी. मध्येच फटीत एरंडेलाचे दोन-तीन थेंब सोडले. आणि हे सगळं चालू असताना माझ्याशी बोलत राहिली. गाव कुठलं, आई काय करती, पालीला पाण्याचं कसं, लगीन कावून न्हाई केलं अजून... मी आधी तुटक बोललो, मग बोलतच सुटलो. आईच्या गुडघ्यांचं सांगत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "हां, आता लाव हात. पकड नगं. पट्टीसकट दोनी तळव्यांत धर." मी धरलं, फिरवलं, आणि टोपी निघाली. पितळेवर एक रेघ नव्हती.

मी टोपी उलटसुलट करून बघत होतो, तर म्हणाली, "नवी नवरी हात आवळून बसती. मग बांगडी फुटती न्हाईतर हात सोलतो. तिला म्हायेराचं इचारायचं, हात आपसुक सैल पडतो. तुजा हात लई आवळला हुता रं."

चार वाजता साहेब आले. वंगण भरलेलं, टोपी परत बसवलेली. त्यांनी वाकून टोपीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "किसने निकाली?"

मावशी समोरच, दहा पावलांवर, एका बाईचा हात हातात घेऊन बसली होती. मी म्हणालो, "मैंने, हुजूर."

साहेबांनी पाठ थोपटली. मावशीनं मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत बांगडी सरकवायला लागली. पुढच्या दौऱ्यात मी शरमेनं तिच्या दुकानात गेलो, तर मलाच बोलू न देता म्हणाली, "तुजी नोकरी हाय बाबा. मला कुटं मोटार हाकायची हाय?"

तिनं माफ केलं आणि मी ते पदरात पाडून घेतलं. साहेबांनी माझं कौतुक चार ठिकाणी सांगितलं. जहागीरदारांच्या मोटारी माझ्याकडे येऊ लागल्या. पुढे निजाम गेला, प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारी वाढल्या, मी बीडला गॅरेज टाकलं आणि 'याच्या हातून ओरखडा उठत नाही' या एका वाक्यावर माझं घर उभं राहिलं. गंजलेली टोपी, अडकलेलं झाकण, काहीही येवो. मी कढत पाण्याची पट्टी गुंडाळायचो, एरंडेल सोडायचो आणि ड्रायव्हरला त्याच्या आईचं विचारायचो. ही अक्कल कुठून आली, असं लोक विचारत. मी नुसता हसायचो. गेवराईकडच्या अडलेल्या मोटारवाल्यांना मावशीच माझ्याकडे पाठवायची, "बीडला जा, त्येचा हात चांगला हाय," असं सांगून. म्हातारपणी एकदा गॅरेजात आली होती. मी टोपी काढत होतो ते बराच वेळ बघत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "पानी लई कढत घेतूस. पितळाचं असू दे, तुज्या बोटांचं बघ की."

सांगू सांगू म्हणत चाळीस वर्षं गेली. एवढ्याशा गोष्टीला धीर का झाला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. खोटं जुनं झालं की त्याला लोक तुमचं नाव म्हणायला लागतात, आणि नाव कोण सोडतो?

तेराव्याला गेवराईला गेलो. जेवणं उरकल्यावर खेड्यातून आलेली एक बाई दारात उभी राहिली; तिच्या सुजलेल्या हातात बांगडी रुतली होती. सुतकातून उठलेलं घर, पण मावशीची मुलगी शांता तिला नको म्हणाली नाही. तिनं कढत पाण्यात फडकं पिळलं, त्या बाईच्या मनगटावर ठेवलं आणि तिला तिच्या पोरांची नावं विचारायला लागली. बांगडी निघाली, अख्खी. मला म्हणावंसं वाटलं, अगदी आईसारखं. त्याआधी शांताच माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, आई सगळ्यास्नी सांगायची. ही गरम फडक्याची युगत बीडच्या डायवरनं शिकवली म्हनून."

तिला ते खरंच वाटत होतं. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून मावशीनं ते स्वतःच्या लेकीलासुद्धा खरं करून सांगितलं होतं. भोवती वीस माणसं बसली होती. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं... मी मान डोलावली आणि चहा प्यालो.

शांता पेपरची ही रविवारची पुरवणी वाचते, म्हणून हे इथं लिहितो आहे. शांता, मी तुझ्या आईला काहीही शिकवलं नाही.