पिस्टन मिळत नाही

नंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरला भाजी घेत होतो. त्याची मुलगी सई "काका, बाबा गेले" एवढंच म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघालं, "गाडीवर?" पोरगी म्हणाली, "नाही हो काका, घरी. वाटाणे सोलत बसले होते, तिथेच..." शाळेपासूनचा मित्र गेला आणि मला आधी हायसं वाटलं. सव्वा महिना झाला, त्याची लाज अजून गेलेली नाही.

नंदू मुलुंडला राहायचा, एका शाळेत चित्रकला शिकवायचा. जन्मभर सायकलवर फिरलेला माणूस. पन्नाशी उलटल्यावर त्याच्या डोक्यात जुन्या मोटरसायकलचं खूळ शिरलं. बोरीवलीच्या एका सोसायटीत ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडलेली, आम्हा दोघांपेक्षा वयानं मोठी गाडी त्यानं टेम्पोत घालून आणली आणि मला बघायला बोलावलं. मी म्हटलं, "गंजलीय रे." तो म्हणाला, "झकास आहे यार! मिल्या, तुला नजरच नाही." नजर नव्हती हे खरं. मला फक्त भीती होती. मी गॅस बंद केलाय का हे बघायला जिन्यातून दोनदा परत येणारा माणूस. भित्यापाठी ब्रह्मराक्षस तसा माझ्यामागे कायम कुठलातरी अपघात.

या जुन्या गाड्यांचं एक असतं. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. आताच्या गाड्यांच्या बरोबर उलट. नंदूनं आयुष्यात गाडी चालवली नव्हती, तेव्हा त्याला काय, हेच सुलट वाटायला हवं होतं. पण त्यानं आधी मेव्हण्याच्या नव्या गाडीवर महिनाभर सराव केला! तेवढ्यानं घोळ झाला. गॅरेजवाल्या बाबी मिस्त्रींनी ती कशीबशी सुरू करून दिल्यावर सोसायटीच्या आवारात पहिली फेरी मारताना समोर मांजर आलं, नंदूनं उजवा पाय दाबला, ब्रेकऐवजी गिअर पडला आणि गाडी पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळली. गुडघा सोलला. तो जमिनीवर बसून हसत होता. हायवेवर मांजराच्या जागी ट्रक असता तर, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

आता जे लिहितो आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. इंजिन धूर ओकायचं म्हणून बाबी मिस्त्रींनी ते उघडलं. मिस्त्री मालवणकडचे, अशा गाड्यांवर हात बसलेला माणूस. नवा पिस्टन लागणार होता, तो पंधरा दिवसांत आलाही. त्या दिवशी नंदू शाळेत होता आणि मी सहज गॅरेजवर गेलो होतो. मी मिस्त्रींना म्हटलं, "त्याला सांगा, मिळत नाही. थोडे दिवस. तोवर खूळ उतरेल." मिस्त्री म्हणाले, "तुमी त्यांचे दोस्त, तुमी सांगतास म्हणून थांबतंय. पण ह्या बरा नाय, भाऊ."

थोडे दिवस म्हणता म्हणता सात महिने झाले. पिस्टन जुन्या बनियनमध्ये गुंडाळून मिस्त्रींच्या कपाटात पडून, आणि नंदू दर रविवारी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे तो शोधतोय. सोबतीला मी! हात काळे करून उभा असायचा आणि म्हणायचा, "तू कंटाळत नाहीस ना रे?" खूळ काही उतरलं नाही. त्यानं पेट्रोलची टाकी घासून स्वतः रंगवली, वहिनींनी सीटला कव्हर शिवलं. शेवटी मिस्त्रीच म्हणाले, "आता माका जमाचा नाय. तो माणूस लहान पोरासारखो तोंडाकडे बघत रवता."

गाडी सुरू झाली. त्यानंतर त्याला पाच रविवार मिळाले. चौथ्या रविवारी मला मागे बसवून ऐरोलीच्या पुलावर घेऊन गेला. मी त्याची कंबर घट्ट धरली होती, डोळे त्याच्या डाव्या पायावर. पाय ब्रेकवर अगदी अलगद, बरोबर जागी होता. त्याला येत होतं. केव्हाच येत होतं... सात महिन्यांत अठ्ठावीस-तीस रविवार बसतात. त्याचं हृदय दगा देणार आहे हे मला कुठे ठाऊक होतं, असं मी स्वतःला समजावतो. पटत नाही.

हा लेख छापून येण्याआधी वहिनींना सांगायचं ठरवून मी गेल्या आठवड्यात मुलुंडला गेलो. खाली गाडी पुसून ठेवलेली होती. वहिनींनी चहा दिला, समोर बसल्या. मी तोंड उघडणार एवढ्यात त्याच म्हणाल्या, "भावोजी, ते नेहमी म्हणायचे, मिल्या नसता तर मी कधीच हात टेकले असते. तुमच्यामुळेच ती गाडी उभी राहिली हो."

मी मान हलवली. खोटं तरी काय होतं त्यात? सात महिने ती माझ्यामुळेच तर उभी होती.