नदीकाठी दादाचं खाणं

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. खिशात शंभर डॉलर रोख, कारण हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीतल्या, सगळ्याच गाळ्यांवर कार्ड चालत नाही. आम्ही तिघे होतो: मी, पुण्याहून आठवडाभरासाठी आलेला माझा थोरला भाऊ आणि वहिनी. बायकोला ऑफिस होतं.

आमच्या घराजवळून, बेडोकहून, एमआरटी मेट्रोने नदीकडे गेलो. म्हणायला नदी, पण दोन्ही काठ दगडांनी बांधलेले, दिसायला कालवाच. काठाने जुन्या व्यापाऱ्यांची गोदामं आहेत. एके काळी तिथे तांदळाची पोती उतरत, आता बियर आणि खेकडे मिळतात. दादा प्रत्येक पाटीवरची किंमत रुपयांत करत होता.

"चहाला शंभर रुपये? परवडतं कसं रे तुम्हाला?"

हॉकर सेंटरमध्ये मात्र तो कशालाच हात लावेना. नूडल्स नको, डोसा नको, मेदूवडासुद्धा नको.

"यांचं सोवळं काही सुटत नाही," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, शुद्ध शाकाहारी बघा, नाहीतर उपाशी परततील."

मलाही तेच वाटलं. लहानपणापासून तो लग्नाच्या पंगतीतही आधी आचाऱ्याची चौकशी करायचा. मग मी गाळ्यागाळ्यावर जाऊन चरबी आहे का, अंडं आहे का, विचारत फिरलो. शेवटी कांदा-लसूणही न घालणारा एक चिनी गाळा सापडला. तिथून गोड सारणाचे वाफवलेले पाव आणले.

दादाने पावाचे वाटाण्याएवढे तुकडे केले. एकेक तुकडा अंगठ्याने दातांआड सरकवत राहिला. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा म्हणाला, गरम आहे. पाव तोवर गार झाला होता.

वहिनींनी फोन उचलला. "फोटो काढते. आ करा मोठा."

त्याने हसून मान वळवली.

"अहो, आ करा ना! लग्नात जिलबी अख्खी गेली होती."

तोंड मोठं उघडलंच नाही. तोंड किती उघडतं ते बघायला मी त्याला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितलं. एकच गेलं, तेही अडकत. फटीतून आत गालाला पांढरा चट्टा दिसला आणि मध्ये जखम.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं असेल. सुपारी सोडलीय आता."

"मला तर दाढ दुखतेय म्हणाला होतात," वहिनी म्हणाल्या. फोन अजून त्यांनी तसाच धरला होता.

"सांगितलं असतं तर तू तिकिटं रद्द केली असतीस. आता आलोय तर ठरल्याप्रमाणे नदीतल्या नावेत बसू. पुण्याला गेल्यावर बघू," दादा म्हणाला.

"नावेत नाही," वहिनी म्हणाल्या. "आत्ता डॉक्टर."

त्या उठल्या आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागल्या. रस्ता त्यांना नीट ठाऊक नव्हता. दादा बसून राहिला. मी त्याचा दंड धरला तेव्हा उठला. उरलेले पाव त्याने कागदात बांधून घेतले; अन्न टाकायचं नाही.

घराजवळच्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी टॉर्च लावून बराच वेळ पाहिलं. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला हवा, आठवडाभरसुद्धा थांबू नका, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. वहिनींनी मला मराठीत विचारलं, "तेच ना?" मी म्हणालो, "तपासल्याशिवाय कळत नाही."

तिथूनच फोनवर दोघांची परतीची तिकिटं दुसऱ्या दिवशीची करून घेतली.

दादाने पाकीट काढलं होतं. वहिनींनी ते त्याच्या हातातून घेऊन मिटवलं. डॉक्टरबाईंचे नव्वद डॉलर मी काउंटरवरच्या मुलीकडे भरले.